पोच

एकतीस वर्षं मी पक्षादेशाच्या पोचा घेतोय.
तीन ओळी, खाली जाड रेघ, जांभळा शिक्का,
"उपस्थित राहून बाजूनेच मतदान करावे"
आणि उजवीकडे सहीपुरती जागा.
सह्यांवरून मला माणसं कळतात.
मोरणकर वाचत नाहीत,
सही करून पेन माझ्याच खिशात खोचतात.
सुलभाताई आधी विचारतात, जेवलास का.
एकाची सही त्याचा ड्रायव्हर करतो,
तीही मी फायलीला लावली आहे.

त्या रात्री आकाशवाणी आमदार निवासात
लिफ्ट बंद होती. चौथा मजला.
हरेश्वर वैतींनी बनियनवरच दार उघडलं,
कागद दिव्याखाली नेला,
दोनदा वाचला.
मिठागरांची जमीन. टॉवर. चौदा कलमं.
माझ्याकडे न बघता म्हणाले,
"माझा बा आगरात राबायचा, भांडुपच्या अंगाला.
पायाला बारमाही भेगा.
बांध फुटला तर मीठ नाही.
आणि उघाडी गंजून बसली, खाडी आत आलीच नाही,
तरी मीठ नाही."
मग सही केली. सावकाश, तारखेसकट.
मी म्हटलं, साहेब, खाल्ल्या मिठाला जागायचं असतं.
ते हसले.
"कुणाच्या, ते नाही लिहिलं कागदावर."

तुम्हाला वाटेल, मी त्यांच्या बाजूचा.
नाही.
मी ते साल पाहिलंय,
जेव्हा आमच्या सात जणांची सद्सद्विवेकबुद्धी
एकाच रात्री, एकाच हॉटेलात जागी झाली
आणि सकाळी एकाच बसमधून उतरली.
सरकार पडलं.
आमचे प्रतोद ऑफिसच्या जिन्यात बसून रडले होते,
न वाटलेले कागद मांडीवर.
तेव्हापासून ती जाड रेघ मी स्वतः मारतो,
पट्टी धरून.

आवाजी मतदानात कुणाचं काही कळत नाही.
होयचे बहुमत, होयचे बहुमत.
पण विरोधकांनी शिरगणती मागितली.
मी गॅलरीत होतो.
एकेक रांग उभी राहत होती,
जो तो आपला आकडा म्हणत होता.
एक्केचाळीस. बेचाळीस.
वैती बसलेले.
शेजारच्याने क्षणभर वाट पाहिली
आणि त्यांचा त्रेचाळीस स्वतः घेतला.
मग "नाही"वाले उठले तेव्हा
गुडघ्यावर हात टेकून तेही उठले.
पलीकडून बाकं वाजली.
वैतींनी त्यांच्याकडे असं पाहिलं
की वाजता वाजता थांबली.

विधेयक एकोणनव्वद मतांनी पास झालं.
म्हणजे त्यांच्यावाचून काहीच अडलं नव्हतं.
साहेबांना हेच जास्त लागलं.
गाडीत एवढंच म्हणाले, त्याला पोच नाही.
माझ्या फायलीत त्यांची पोच होती.

नोटीस मीच टाईप केली, मीच घेऊन गेलो.
वैतींनी दोनदा वाचली.
सही. तारीख.
"लिफ्ट सुरू झाली का रे?"
पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं
तर आमदारकी राहते.
कायद्यात मोठ्या मनाला एवढीच मुदत.

आज चौदावा.
टेबलावर दोन कागद आहेत.
एक माफीचा,
एक अध्यक्षांकडे अपात्रतेच्या अर्जाचा.
दोन्ही मी टाईप केले,
दोन्हींवर शिक्का सारखाच उमटलाय.
साहेब बराच वेळ खिडकीतून बघत होते,
भरती दगडांवर चढत होती.
मग वळून मला म्हणाले,
"तुला काय वाटतं?"

एकतीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.
मी म्हटलं, चहा आणतो.
बाहेर आलो, जिन्यात थांबलो.
साहेबांचं पेन माझ्याच खिशात होतं.